थीम लावायचीये, पण आधी परतीची वाट बघून ठेवा

या वेळी वाचकांचे बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आलेत. कॉम्प्युटरचं रूप कसं बदलायचं, थीम डाउनलोड केली पण लागतच नाही, लागली तर भलतंच काहीतरी झालं, वगैरे. मला हे प्रश्न आवडतात. हे सगळं वरवरचं काम आहे, त्यात वेळ कशाला घालवायचा, असं म्हणणारे लोक भेटतात, पण जी स्क्रीन आपण दिवसाचे आठ-दहा तास बघतो ती आपल्या डोळ्यांना बरी वाटेल अशी असावी हे म्हणणं काही चुकीचं नाही. म्हणून या वेळी सगळी जागा थीमलाच दिलीये.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. एका साइटवरून विंडोज ७ सारखी दिसणारी थीम डाउनलोड करून थीम्सच्या फोल्डरमध्ये टाकली. सेटिंग्जमध्ये ती दिसते पण क्लिक केलं की फक्त वॉलपेपर बदलतो, बाकी खिडक्या आहेत तशाच. रूममेटच्या लॅपटॉपवर हीच थीम व्यवस्थित चालते. माझ्याकडे काय राहिलंय?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

तुझ्याकडून काहीच राहिलेलं नाही, विंडोजनेच तुला दारात अडवलंय. थीम म्हणून आपण जे डाउनलोड करतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक असते डॉट थीम नावाची छोटीशी फाइल, ती साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघ, त्यात वॉलपेपर कुठला, रंग कुठला, माउसचा बाण कुठला, आवाज कुठले एवढंच लिहिलेलं असतं. आणि त्यातच एका ओळीत दुसऱ्या फाइलचा पत्ता असतो, तिचं शेपूट एमएसस्टाइल्स. खिडकीची वरची पट्टी, बटणं, स्क्रोलबार, चौकटी हे सगळं चित्ररूपात त्या दुसऱ्या फाइलमध्ये असतं. पहिली फाइल विंडोज कुणाचीही घेतं, दुसरीवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असेल तरच घेतं. म्हणून तुझा वॉलपेपर बदलला आणि खिडक्या जागच्या हलल्या नाहीत.

हे आजचं नाही, २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून असंच आहे. एक्सपीत निळा, ऑलिव्ह हिरवा आणि चंदेरी असे तीनच रंग मिळायचे. नंतर मायक्रोसॉफ्टनेच रोयाल आणि झून नावाच्या थीम काढल्या, त्यांच्यावर कंपनीची सही असल्यामुळे त्या काहीही न करता लागायच्या, आणि बाकीच्या हजारो सुंदर थीम लोकांनी हौसेने बनवलेल्या, त्या लावायच्या तर युएक्सथीम नावाची सिस्टीम फाइल पॅच करावी, म्हणजे आतून बदलावी लागायची. तुझ्या रूममेटने असाच कुठलातरी पॅच टाकलेला असणार, त्याला विचार.

आता हे कुलूप का आहे तेही समजून घे, कारण यूट्यूबवर ते कोणी सांगत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने थीमब्लीड नावाने ओळखलं जाणारं एक भोक बुजवलं. त्यात नुसती थीम फाइल उघडली तरी बाहेरच्या माणसाचा कोड तुझ्या मशीनवर चालू शकत होता. सही तपासायची आणि मग फाइल लोड करायची, या दोन कामांच्या मधे बारीकशी फट होती आणि तेवढ्यात फाइल बदलता येत होती. म्हणजे सही तपासूनही हे झालं, आणि पॅच टाकून आपण तर ती तपासणीच बंद करतो. त्यामुळे थीम कुठून घेतोस हे महत्त्वाचं आहे. थीमच्या नावाखाली ईएक्सई किंवा एससीआर फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, हातात आली तर ती उघडायचीच नाही, डिलीट. खरी थीम म्हणजे एक फोल्डर, त्यात वरच्या दोन फाइली आणि काही चित्रं.

तरीही लावायचीच असेल, आणि मला माहितीये तू लावणारच, तर पॅच करायच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या पद्धतीचे पॅचर डिस्कवरच्या सिस्टीम फाइली बदलतात, मग विंडोजचं मोठं अपडेट आलं की त्या फाइली परत मूळच्या होतात आणि थीम उडते. दुसरी तऱ्हा म्हणजे सिक्युअर युएक्सथीम, हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, गिटहब या साइटवर मिळतं, ते डिस्कवरच्या फाइलींना हात लावत नाही, चालू असताना मेमरीतच सहीची तपासणी वगळतं आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना होणारी सह्यांची तपासणी, चालू ठेवूनही चालतं. मी तुला हेच सुचवेन.

पण त्याआधी स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट असं टाइप कर, जी खिडकी उघडेल त्यात सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन ऑन आहे का बघ, बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं, ते चालू कर आणि एक रिस्टोअर पॉइंट बनव, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आत्ताच्या स्थितीत परत आणता येतं. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रनमध्ये विनव्हर (winver) टाइप करून तुझ्या विंडोजची आवृत्ती बघ, २३एच२ आहे की २४एच२ आहे की आणखी कुठली, आणि थीम बनवणाऱ्याने नेमक्या त्याच आवृत्तीसाठी बनवलीये का ते त्याच्या पानावर वाच. ही जुळणी चुकली की लॉगिन केल्यावर काळी स्क्रीन येते, टास्कबार येत नाही, आणि मग लोक घाबरून अख्खं विंडोज परत टाकतात. तेवढं करायची गरज नसते. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरायचं आणि रिस्टार्टवर क्लिक करायचं, ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग सिस्टीम रिस्टोअर, आणि तू बनवलेल्या पॉइंटवर परत. हा रस्ता कागदावर लिहून ठेव, कारण स्क्रीन काळी झाल्यावर तो तिथे वाचता येणार नाही. आणि मोठं अपडेट येणार असेल तर आदल्या दिवशी विंडोजची मूळ थीम लावून ठेवायची, अपडेट झालं, थीमवाल्याने नवीन आवृत्ती दिली, की मग परत.

अजून एक, म्हणजे तुझी निराशा नको व्हायला. विंडोज ११ चा टास्कबार आणि स्टार्ट मेन्यू या एमएसस्टाइल्समधून रंगतच नाहीत, ते वेगळ्या तंत्रावर बनवलेत. त्यामुळे थीम लागली तरी वरची पट्टी विंडोज ७ ची आणि खालचा टास्कबार ११ चा असं अर्धवट दिसेल. खालच्या भागासाठी विंडहॉक नावाचं ओपन सोर्स टूल आहे, त्यात टास्कबार स्टायलर, स्टार्ट मेन्यू स्टायलर असे छोटे मॉड, म्हणजे वरून जोडायचे बदल, मिळतात, नको असेल तर एका बटणाने बंद होतात, फाइली बदलत नाहीत. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना हवं असतं ते एवढ्यानेच मिळतं आणि पॅचची भानगड लागतच नाही. आणि विंडोज ७ च्या खिडक्यांची ती काच, मागचं धूसर दिसणारी, ती विंडोज ८ मध्ये काढून टाकली, ती परत आणायला तिसराच प्रोग्रॅम लागतो जो थेट स्क्रीनवर खिडक्या रंगवणाऱ्या सर्व्हिसमध्ये शिरतो आणि अपडेटने सगळ्यात आधी तोच मोडतो. फायनल इयरचा प्रोजेक्ट ज्या मशीनवर आहे त्यावर काचेचा नाद नको, परीक्षा होऊ दे.

प्रश्न : पर्सनलायझेशनमध्ये सगळे पर्याय करडे दिसतात, क्लिकच होत नाहीत. व्हायरस आहे का?
— एक वाचक, लातूर

व्हायरस नाही. वरच्या बाजूला लाल किंवा बारीक अक्षरात एक ओळ असेल ती वाचा. विंडोज ॲक्टिव्हेट करा असं लिहिलं असेल तर लायसन्सचा प्रश्न आहे, ॲक्टिव्हेट झालं की सगळं उघडेल. आणि ऑर्गनायझेशनने सेटिंग बंद केलंय असं लिहिलं असेल तर मशीन ऑफिसचं किंवा कॉलेजचं आहे आणि तिथल्या ॲडमिनने पॉलिसी लावलीये. ती पॉलिसी काढून टाकायच्या युक्त्या नेटवर आहेत, त्या मी सांगणार नाही, मशीन आपलं नाही. ॲडमिनला जाऊन विचारा, डोळ्यांना त्रास होतो म्हणून डार्क मोड हवाय असं सांगितलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : आमचं डीटीपीचं काम आहे. सगळ्या विंडोजचा फॉन्ट बदलता येतो असा व्हिडिओ बघून मुलाने रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) काहीतरी बदललं आणि आमचा श्री-लिपीतला आवडता फॉन्ट लावला. आता सगळे मेन्यू अगम्य झालेत, मराठी अक्षरं दिसतात पण शब्दच होत नाहीत, आणि काही ठिकाणी नुसते चौकोन. पार्टीचं (गिऱ्हाइकाचं) काम अडकलंय.
— एक प्रेसवाले, इचलकरंजी

दादा, आधी मुलाला रागावू नका, त्या व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. झालंय असं की तुमचा जुना श्री-लिपीचा फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षरांना स्वतःच्या जागा देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचा आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी. पेजमेकरमध्ये काम करताना हे बरोबर चालतं कारण टाइप करतानाच त्या हिशोबाने टाइप होतं. पण विंडोजचा मेन्यू तर इंग्रजीत लिहिलेला आहे, त्याला हा फॉन्ट लावला की फाइल, एडिट या शब्दांतल्या प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा कुठलातरी तुकडा येणार. चौकोन दिसतात त्याचं कारण वेगळं, विंडोजमधले छोटे आयकॉन, म्हणजे बंद करायची फुली, सेटिंगचं चाक, वायफायचं चिन्ह, हे सुद्धा सेगो नावाच्या फॉन्टच्या कुटुंबातूनच येतात आणि व्हिडिओवाले त्या कुटुंबाच्या सगळ्याच नोंदी सरसकट रिकाम्या करायला सांगतात.

मुलाने रिस्टोअर पॉइंट बनवला असेल तर त्यावर परत जा, पाच-दहा मिनिटांचं काम. नसेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, रेजएडिट (regedit) टाइप करा, एंटर. अक्षरं वाचता आली नाहीत तर शेजारी दुसरं चांगलं मशीन उघडून ठेवा आणि जागा बघून बघून चला. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन असं आत जायचं. तिथे फॉन्ट सबस्टिट्यूट्समध्ये सेगो यूआयच्या नावापुढे तुमचा फॉन्ट लिहिलेला सापडेल, ती एकच नोंद डिलीट करा. मग वरच फॉन्ट्स नावाचा भाग आहे, त्यात सेगोने सुरू होणाऱ्या नोंदी बघा, ज्या रिकाम्या असतील तिथे दुसऱ्या मशीनवर समोर जे फाइलचं नाव आहे तेच जसंच्या तसं टाइप करा. दोन्ही मशीनवर विंडोजची आवृत्ती एकच हवी. रिस्टार्ट करा. मूळ फॉन्टच्या फाइली डिस्कवर जागेवरच असतात, फक्त नोंदी पुसलेल्या असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पार्टीच्या कामाच्या फाइलींना यातलं काहीही लागत नाही.

फायलींची मराठी नावं बारीक दिसतात म्हणून हे केलं असेल तर त्याला सोपा उपाय आहे. विंडोज ८ पासून मेन्यूत आणि फाइलच्या नावात मराठी दिसतं ते निर्मला यूआय या फॉन्टमधून, त्याआधी मंगल होता. अक्षर मोठं हवं तर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट साइझची पट्टी आहे, १०० ते २२५ टक्क्यांपर्यंत जाते, ती ११५-१२० वर ठेवून बघा. फॉन्ट बदलायचाच हट्ट असेल तर निदान युनिकोडचा आणि ज्यात इंग्रजी अक्षरंही आहेत असा घ्या, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त त्यातला आहे, फुकट आहे, सुंदर आहे. पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांच्यासाठी ओळीची उंची जास्त लागते, आणि विंडोजची बटणं त्या मापाने केलेली नसतात, म्हणून काही ठिकाणी अक्षरं सरकलेली किंवा कापलेली दिसतात. ज्या मशीनवर पोट आहे त्यावर हे नकोच.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. पांढऱ्या स्क्रीनचा त्यांना फार त्रास होतो. डार्क मोड लावला पण काही पानं काळी आणि काही पांढरीच राहतात, त्याने उलट जास्त त्रास. पूर्ण काळी थीम कुठून डाउनलोड करू?
— एक ताई, नाशिक

ताई, कुठूनही डाउनलोड करू नका, विंडोजमध्ये आधीच आहे आणि ती फार कमी लोकांना माहिती आहे याचं मला वाईट वाटतं. डार्क मोड ही एक विनंती आहे, प्रोग्रॅमने ती मानली तर काळा होतो, नाहीतर नाही. विंडोज १० मध्ये तो २०१६ च्या अपडेटमध्ये आला, पण फाइल एक्सप्लोररला काळं व्हायला २०१८ उजाडलं, यावरून अंदाज येईल. तुम्हाला हवीये ती कॉन्ट्रास्ट थीम. तिच्यात रंग सिस्टीम ठरवते आणि बहुतेक प्रोग्रॅमना तेच रंग वापरावे लागतात, एज, क्रोम आणि फायरफॉक्समधली वेबपेजसुद्धा त्यात येतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कॉन्ट्रास्ट थीम्स. तिथे ॲक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय अशा चार आहेत. नुसतं नाव बघून निवडू नका, वडिलांना शेजारी बसवा, एकेक लावून त्यांनाच विचारा की यातलं काय वाचायला सोपं जातं, कारण कोणाला काळ्यावर पिवळं बरं वाटतं, कोणाला काळ्यावर पांढरं टोचतं पण फिकट हिरवं चालतं. एडिटवर क्लिक केलं की मजकूर, लिंक, निवडलेला मजकूर, बटण, मागचा रंग असे वेगवेगळे रंग ठरवता येतात आणि त्यांच्या नावाने सेव्ह करता येतात. यात वेळ घालवा, अर्धा तास लागला तरी लागू द्या, एकदाच करायचंय. त्याच ॲक्सेसिबिलिटीत माउसचा बाण मोठा आणि हवा त्या रंगाचा होतो, तोही करून टाका, बाण हरवतो हीच त्यांची निम्मी चिडचिड असेल.

डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की ही थीम चालू-बंद होते. तुम्ही त्याच मशीनवर काम करत असाल तर हे शॉर्टकट कामाला येईल. (सोलापूरहून एका वाचकाने विचारलंय की नातवाने कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि स्क्रीन काळी-पिवळी झाली, काका, तुमचंही उत्तर हेच, तीच तीन बटणं परत दाबा.)

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ जात नाही म्हणून लिनक्स मिंट टाकलं, खूप आवडलं. थीम बदलली तर बरेच प्रोग्रॅम बदलतात, दोन-तीन मात्र आपल्याच रंगात राहतात. आणि भाऊ केडीई (लिनक्सवरचा दुसरा डेस्कटॉप) वापरतो, तिथे ग्लोबल थीम म्हणून एका क्लिकमध्ये सगळं बदलतं, ती सुरक्षित आहे का?
— शिक्षक, रत्नागिरी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यानंतर तुमच्यासारखे बरेच जण इकडे आलेत, चांगलं केलंत सर. मिंटमध्ये थीमसाठी कुठलंही कुलूप फोडावं लागत नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये थीम्स, तिथेच ॲड-रिमूव्हमध्ये नवीन मिळतात, आणि बाहेरून आणली तर तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट थीम्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, कंट्रोल एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. नको झाली तर तो फोल्डर पुसायचा, सिस्टीमला धक्का नाही.

जे प्रोग्रॅम बदलत नाहीत त्यांची दोन कारणं असतात. फ्लॅटपॅक या लिनक्सवर प्रोग्रॅम टाकायच्या एका पद्धतीतून घेतलेले प्रोग्रॅम आपापल्या कप्प्यात बंद असतात, त्यांना तुमचा डॉट थीम्स फोल्डर दिसतच नाही, फ्लॅटसील नावाच्या प्रोग्रॅममधून त्यांना तेवढ्या फोल्डरची परवानगी देता येते. दुसरे ग्नोम या लिनक्सच्याच आणखी एका डेस्कटॉपचे नवीन प्रोग्रॅम, ते रूप ठरवणारी लिबअद्वैता नावाची लायब्ररी वापरतात आणि ती बाहेरची थीम मानतच नाही, २०२२ मध्ये ग्नोम ४२ पासून हे पसरलं. त्यांच्या डेव्हलपर लोकांचं म्हणणं असं की बाहेरच्या थीमने प्रोग्रॅम मोडतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांचा त्रास मला समजतो, पण मशीन वापरणाऱ्याचं आहे आणि शेवटचा शब्द त्याचा हवा असं माझं ठाम मत आहे. मिंटवाल्यांनीही तीच बाजू घेतली, मिंट २२ मध्ये कॅल्क्युलेटर, सिस्टीम मॉनिटर वगैरे काही प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या मुद्दाम परत आणल्या, कारण त्या थीम मानतात. तुम्ही त्याहून जुनं मिंट टाकलं असेल तर नवीन टाका.

भावाला मात्र नीट सांगा. केडीईची ग्लोबल थीम म्हणजे नुसती चित्रं आणि रंग नसतात, तिच्यात चालणारा कोड असू शकतो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्याच स्टोअरवरची एक ग्लोबल थीम टाकल्यावर एकाच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या, जोडलेल्या बाकीच्या ड्राइव्हवरच्या पण. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, थीममधला कोड चुकीच्या जागी पुसायला गेला. केडीईने नंतर तसा इशाराही दिला. त्यामुळे ग्लोबल थीमऐवजी रंगसंगती वेगळी घ्या, आयकॉन वेगळे घ्या, माउसचा बाण वेगळा, दिसायला जवळजवळ तेच होतं. आणि ग्लोबलच हवी असेल तर आधी बॅकअप घ्या आणि बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा, मग क्लिक करा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मुलांनी काढलेले गडांचे फोटो लावायचेत, प्रत्येक मशीनवर एकेक करून नको. सगळीकडे विंडोज आहे.
— शिक्षिका, सातारा

यापेक्षा छान थीम कुठली असेल, बाई. फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, एका मशीनवर सेटिंग्जमध्ये बॅकग्राउंडला स्लाइडशो निवडून तो फोल्डर द्या, रंग फोटोंना शोभेल असा घ्या, आणि थीम्समध्ये जाऊन सेव्ह करा. मग त्या थीमवर राइट क्लिक, सेव्ह फॉर शेअरिंग, की फोटोंसकट एकच फाइल तयार होते, डेस्कथीमपॅक नावाची. ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक मशीनवर डबल क्लिक, बस. पॅच नाही, इंटरनेट नाही. मुलांना आवाज पण रेकॉर्ड करायचे असतील तर ते वेव्ह फाइलमध्येच लागतात, एमपी३ चालत नाही. फोटो फार मोठे असतील तर आधी स्क्रीनच्या मापाएवढे करून घ्या, नाहीतर लॅबमधली जुनी मशीन स्लाइड बदलताना अडखळतील, आणि विंडोज स्वतः फोटो दाबून त्यांचा दर्जा थोडा कमी करतं ते वेगळंच.